इन्कस सिमेंटने जोडायला शिकताय? आधी हाड उघडं करा
मध्यकर्णात तीन हाडांची साखळी असते: मॅलियस पडद्याला चिकटलेला, इन्कस मधला, स्टेपीज आतला. इन्कसचा लाँग प्रोसेस, म्हणजे लांब दांडा, टोकाशी झिजलाय, स्टेपीज शाबूत आहे, मध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट. बोन सिमेंटसाठी याहून चांगला कान मिळत नाही. मॅलियस आणि स्टेपीज मोकळे हलतात ना, हे आधी बघायचं, ते तुम्हाला माहीतच आहे. फूटप्लेट, म्हणजे स्टेपीजचा आतल्या कानाच्या खिडकीत बसणारा तळ, जखडलेली असेल तर वरचा जोड कितीही देखणा असो, रुग्णाचं ऐकणं सुधारणार नाही.

आता मुद्द्याचं. मायक्रोस्कोपखाली जोडलेलं दिसतं ते जोडलेलं असतंच असं नाही. मी इथेच अडकलो होतो आणि नवा येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. आपण वापरतो ते ग्लास आयनोमर बोन सिमेंट हाडातल्या कॅल्शियमशी बंध करतं, म्युकोसाशी, म्हणजे वरच्या ओलसर अस्तराशी नाही. मध्यकर्णातल्या हाडांवर म्युकोसाचा पातळ पदर असतो, तो चकाकतो आणि ओल्या हाडासारखाच दिसतो. त्यावर सिमेंट टाकलं तर ते टोपीसारखं बसतं, कडकही होतं. टेबलावर मॅलियस हलवला की स्टेपीज हलतो, सगळे खूश. नंतर कधीतरी ती टोपी सैल होते आणि एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून येणाऱ्या ऐकण्यातला फरक) परत येतो. झिजलेल्या लाँग प्रोसेसच्या जागी बऱ्याचदा तंतूंचा पट्टा उरलेला असतो, तो तर अजूनच फसवतो. पिकने (टोकदार बारीक हत्याराने) दाबून बघा. लवला तर ते हाड नव्हे. काढून टाका, खरं हाड कुठे संपतं ते शोधा.

मग इन्कसचा उरलेला भाग आणि स्टेपीजचं डोकं, दोन्हींवरचा म्युकोसा खरवडून काढा. इन्कसवर जरा मोकळेपणाने, स्टेपीजवर मात्र जीव मुठीत धरून. हात मागून पुढे, स्टेपिडियसच्या (स्टेपीजला मागून धरणाऱ्या स्नायूच्या) टेंडनच्या रेषेत चालवा, म्हणजे टेंडन स्टेपीजला धरून ठेवतो. उलट्या दिशेने जोर लावलात आणि फूटप्लेट हलली तर ऐकू आणायला गेलेला माणूस त्या कानाचं ऐकणंच कायमचं गमावून बसेल. हे भीती घालायला सांगत नाही. सांगतोय कारण इथे घाई करणारे खूप बघितलेत.

यानंतर कोरडेपणा. सिमेंट कडक होण्याआधी रक्त किंवा पाणी लागलं तर त्यातले आयन धुऊन जातात, जोड भुसभुशीत होतो. अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये भिजवलेला जेलफोम (विरघळणारा स्पंज) ठेवा, रक्त थांबेपर्यंत सिमेंट मिसळूच देऊ नका. फेशियल नर्व्ह (चेहऱ्याची नस) आणि ओव्हल विंडोच्या, म्हणजे फूटप्लेट बसते त्या खिडकीच्या, खाचेवर जेलफोमची गादी हवीच. पातळ सिमेंट ओघळून प्रोमॉन्टरीला (मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीच्या उंचवट्याला) चिकटलं की स्टेपीज कायमचा जखडला. तार येते आहे तोवर थांबा, पिकच्या टोकावर थेंब उभा राहिला की लावा. चकाकी गेली असेल तर तो घाणा फेकून द्या, नवा करा.

एक गोष्ट मनात ठसवून घ्या. नव्वदच्या दशकात कवटीच्या तळाच्या ऑपरेशनांमध्ये हेच आयनोमर सिमेंट मेंदूभोवतीच्या द्रवाच्या संपर्कात आलं, अ‍ॅल्युमिनियमची विषबाधा झाली, रुग्ण दगावले. ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडा असेल, सीएसएफ (तोच मेंदूभोवतीचा द्रव) गळत असेल किंवा फूटप्लेटला भोक असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. ज्यांच्याकडे ऑपरेशनचे व्हिडिओ भरपूर, पण वर्षभरानंतरचे ऑडिओग्राम नाहीत, त्यांच्याकडून हाताची सफाई शिका, निवड शिकू नका. दुप्पट वेगाने बघितलेल्या व्हिडिओत खरवडण्याचा कंटाळवाणा भाग नेमका कापलेला असतो. त्यापेक्षा सरावासाठी मृतदेहाच्या टेम्पोरल बोनवर (कानाच्या हाडावर) बसा. फक्त तिथे रक्त नसतं, त्यामुळे तिथल्या यशाने हुरळून जाऊ नका. आणि सिमेंट मिसळणाऱ्या स्क्रब सिस्टरशी आधी बोलून ठेवा, पावडर-लिक्विडचं प्रमाण बऱ्याचदा तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

हात थरथरतो? सगळ्यांचाच थरथरतो. मनगट टेकवायला जागा शोधा. फट मोठी निघाली, रक्त थांबेना, तर पोर्प (स्टेपीजच्या डोक्यावर बसणारं कृत्रिम हाड) बसवा, वर कूर्चेचा तुकडा ठेवा आणि बाहेर या. त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात ऑडिओग्राम काढून स्वतःचा जीव जाळू नका, तेव्हा कानात अजून जेलफोम आणि रक्तच असतं. दोन-तीन महिन्यांनी बघा, मग वर्षाने पुन्हा बोलवा.