आधी उजेड, मग माणसं: अंगणातला घरच्यांचा फोटो

पाडव्याला किंवा भाऊबीजेला सगळं घर नटूनथटून तयार होईपर्यंत सकाळचे साडेदहा-अकरा वाजतात. कुणीतरी म्हणतं, "चला अंगणात, तिथे भरपूर उजेड आहे," आणि सगळे अंगणाच्या मधोमध उन्हात उभे राहतात. फोटोत मग डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, नाकाखाली सावलीचा ठिपका, कपाळावर पांढरे डाग आणि आजोबांचे डोळे किलकिले. उजेड भरपूर होता, पण वरून येत होता. चेहऱ्याला समोरून किंवा जरा बाजूने येणारा मऊ उजेड लागतो. म्हणून माणसांना हाक मारण्याआधी एकट्याने जाऊन जागा ठरवून ठेवावी.

जागा शोधायला आपला पंजा पुरतो. हात पुढे करून तळवा स्वतःकडे वळवून चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला तळव्यावरच्या रेषा खोल, काळ्या दिसतील, तर दुसऱ्या दिशेला सगळा तळवा एकसारखा उजळेल. तळवा जिथे एकसारखा उजळतो, तिथे माणसांना आपल्याकडे तोंड करून उभं करायचं.

बहुतेक घरांत ही जागा पडवीच्या किंवा ओसरीच्या कडेला सापडते. सोसायटीत राहणाऱ्यांनी इमारतीखालच्या पार्किंगची कड पाहावी. छपराच्या सावलीत कडेपासून दोन-तीन फूट आत माणसं, तोंड बाहेर, आणि फोटो काढणारा बाहेर उन्हात. समोरच्या मोकळ्या आभाळाचा उजेड सगळ्यांच्या डोळ्यांत चमकतो, आणि मागचं घर आपोआप अंधारात जातं. सहा-आठ फूट आत गेलात की ती चमक जाते आणि चेहरे मातकट दिसू लागतात. नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ५३ अंशांवर असतो. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेली पडवी त्या दिवसांत दिवसभर वापरता येते. पूर्वेची पडवी दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. मे महिन्यात गोष्ट वेगळी. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो, सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. तेव्हा दहा ते चार उघड्यावर फोटो काढूच नये.

उन्हातच काढायचा असेल तर घड्याळाऐवजी स्वतःची सावली बघा. सावली आपल्या उंचीच्या दुप्पट झाली की सूर्य २७ अंशांच्या आसपास आला, आता चेहऱ्यावर ऊन चालेल. दिवाळीत पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे त्यातही पावणेपाच ते पावणेसहा हा खरा वेळ. मेमध्ये हाच वेळ तासभर पुढे सरकतो. कलतं ऊन माणसांच्या पाठीवर घ्या. केसांना सोनेरी कड मिळते आणि कुणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. मात्र मोबाईल मागचा झगझगाट बघून चेहरे काळे करतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतील, आणि मग उजेड जरा वाढवा. समोर तीन-चार फुटांवर पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा कुणाला तरी छातीच्या उंचीवर धरायला लावला, की हनुवटीखालचा अंधार लगेच हटतो.

झाडाखालची सावली फसवी असते. चिंच, शेवगा, गुलमोहर यांच्या बारीक पानांतून कवडसे पडतात, आणि एक कवडसा गालावर पडला तरी फोटो गेला, तो नंतर पुसून निघत नाही. आंबा किंवा फणस यांची दाट सावली बरी, पण खोडाजवळ न जाता सावलीच्या काठाला उभं राहावं. हिरवळ, हिरवी पानं यांचा रंग चेहऱ्यावर उतरतो. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांचा तांबूसपणा, पावसाळ्यात घराला लावलेल्या निळ्या ताडपत्रीचा निळेपणा असाच येतो. निळ्या ताडपत्रीखाली फोटो काढू नका, तो रंग नंतर काही केल्या निघत नाही. साध्या सावलीतला निळसरपणा मात्र कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग सावरणारी सोय) सावलीच्या खुणेवर, म्हणजे सात हजार केल्विनच्या आसपास ठेवला की निघून जातो.

आता माणसं. वडीलधारी खुर्चीवर, खुर्च्या एकमेकींना चिकटवून आणि किंचित आत वळवून. मागे उभे राहणारे दोन डोक्यांच्या मधल्या जागेत. सगळी डोकी एका रेषेत आली की शाळेतल्या वर्गाचा फोटो होतो, म्हणून उंच माणसाशेजारी बुटकं, कुणी खुर्चीच्या हातावर टेकलेलं, मुलं खाली चटईवर. खांदे थोडे तिरके करून घेतले तर माणसं जवळही येतात आणि रुंदही दिसत नाहीत. पदर, निऱ्या, टोपी, कुंकू हे सगळं एकदा नजरेखालून घाला. नथ ओठावर आली असेल तर आताच सांगा. चष्म्यावर आभाळ चमकत असेल तर कानावरच्या काड्या अर्धा इंच वर उचलायला सांगा, काचा खाली झुकतात आणि डोळे दिसतात.

कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या किंवा उभ्यांच्या छातीच्या उंचीवर असावा. उभं राहून खाली वाकवलेला मोबाईल पाय आखूड करतो. किमान बारा-तेरा फूट मागे जा. जागा कमी आहे म्हणून ०.५ ची रुंद लेन्स लावली तर कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात, आणि कडेला बहुधा घरातली सूनच उभी असते. शक्य तिथे २एक्स झूम वापरा. पोर्ट्रेट मोड गटासाठी बंद ठेवा, तो मागच्या रांगेला धूसर करतो आणि गजऱ्याच्या कडा कुरतडतो. चेहरे गुळगुळीत करणारा फिल्टरही बंद. आजीच्या सुरकुत्या फोटोत हव्यातच.

मोठा कॅमेरा असेल तर एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडण्याचा मोह टाळा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी लेन्सने चार मीटरवरून एफ १.८ ला सुमारे ७० सेंटिमीटरच स्पष्ट येतं. पुढे बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांवर फोकस धरला तर मागचा नातू पुसट होणारच. तोंड लहान करून एफ ५.६ ला नेलं की हेच अंतर सव्वादोन मीटरच्या वर जातं. दोन-तीन रांगांना एफ ५.६, फार तर ८. लहान मुलं असतील तर शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको. सावलीत त्यासाठी आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० ते ८०० लागेल, बिनधास्त वापरा. पैठणीची जर आणि पांढरं धोतर लवकर पांढरंफट्ट पडतं, तेव्हा कॅमेऱ्यातला उजेडाचा आकडा (एक्स्पोजर) ०.३ ते ०.७ ने कमी ठेवून चेहरे नंतर उजळवा. जरीतला गेलेला तपशील परत येत नाही.

आठ माणसं असतील तर निदान दहा फोटो सलग घ्या, कुणाचे तरी डोळे मिटतातच. सगळ्यांना डोळे मिटून तीनच्या आकड्याला उघडायला सांगितलं की हे प्रमाण खूप कमी होतं. "झालं" म्हटल्यावर माणसं सैल होतात, एकमेकांकडे बघून हसतात. तेव्हा कॅमेरा खाली घेऊ नका.

फोटो पारखताना आधी तो काडेपेटीएवढा लहान करून बघा. नजर पहिल्यांदा कुठे जाते? चेहऱ्याऐवजी प्लास्टिकच्या बादलीवर किंवा विजेच्या तारेवर गेली, तर दोष तिथे आहे. मग फोटोतले डोळे झूम करून तपासा. चमक आहे का, फोकस भुवयांवर आहे की कानावर? शेवटी चारही कडा आणि सगळे हात मोजा. "छान आलाय" आणि "मजा नाही" या दोन्ही शेऱ्यांचा फोटो काढणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. काय दिसतंय, ते का झालं आणि पुढच्या वेळी काय हलवायचं, हे तिन्ही सांगावं.

उदाहरणार्थ, फोटो असा आहे असं समजा: आजी खुर्चीवर, जांभळी पैठणी, मांडीवर नातू, मागे मुलगा आणि सून, त्यांच्या मागे तुळशीवृंदावन. नजर आधी मुलाच्या डाव्या खांद्यावर जाते, कारण पांढऱ्या कुर्त्याचा तेवढाच भाग सावलीबाहेर आहे. तो अर्धा फूट आत सरकला असता तर हा डाग टळला असता. तुळशीच्या मंजिऱ्या सुनेच्या अंबाड्यातून उगवल्यासारख्या दिसतात. इथे सुनेला हलवायचं नाही, फोटो काढणाऱ्याने एक पाऊल डावीकडे घ्यायचं. आजीच्या खांद्यावर नुसती चार बोटं दिसतात, ती कुणाची ते कळत नाही. मुलाने सगळा पंजा खांद्यावर ठेवायला हवा होता. खालची कड बरोबर घोट्यावर कापली गेली आहे. एकतर पावलं पूर्ण घ्या, नाहीतर नडगीच्या मध्यावर कापा, सांध्यावर नको. आणि हेही तितकंच ठळक सांगा, की आजी कॅमेऱ्याकडे न बघता नातवाच्या मुठीतला लाडू बघते आहे, त्याच्या बोटांवरचा बेसनाचा चुरासुद्धा स्पष्ट आला आहे. पुन्हा काढताना मुलाला आत घ्या, आपण पाऊलभर डावीकडे आणि हातभर मागे सरका, पण आजीला "इकडे बघा" म्हणू नका.