नॅशनल फॉरेस्टमध्ये चालायला जाताना: हिल्टन प्रकरणातून शिकायची खबरदारी

गॅरी मायकल हिल्टन हा ठावठिकाणा नसलेला माणूस पांढऱ्या व्हॅनमध्ये राहायचा आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या जंगलांतून कुत्र्यासह हिंडायचा. ऑक्टोबर २००७ ते जानेवारी २००८ या काळात नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा आणि जॉर्जियात त्याने चार जणांचा जीव घेतला. जंगलात माणसं मरतात ती बहुतेक पडून, बुडून किंवा हृदयविकाराने. असा खुनी भेटणं फारच विरळा. पण इथे सांगितलेली तयारी पाय मोडला तरी तितकीच कामाला येते, म्हणून ती करायचीच.

यातल्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. नॉर्थ कॅरोलिनातल्या पिसगाह नॅशनल फॉरेस्ट या सरकारी जंगलात ऑक्टोबरात गेलेलं ऐंशीच्या घरातलं जोडपं परतलं नाही, हे लक्षात यायला जवळपास दोन आठवडे लागले. तोवर दुसऱ्या राज्यात त्यांच्या एटीएम कार्डावर पैसे काढून झाले होते. उलट १ जानेवारी २००८ ला जॉर्जियातल्या ब्लड माउंटनवर बेपत्ता झालेल्या २४ वर्षांच्या तरुणीचा शोध लगेच सुरू झाला आणि ४ तारखेला हिल्टन पकडला गेला. ती वाचली नाही, पण त्याची मालिका तिथे थांबली. तेव्हा पहिलं काम बॅग भरण्याचं नाही. तुम्ही वेळेत परतला नाहीत, हे त्याच दिवशी कुणाच्या तरी ध्यानात येईल अशी व्यवस्था आधी करा.

घरच्या किंवा मित्रांपैकी एकाच माणसावर ही जबाबदारी टाका. ग्रुपवर टाकलेला निरोप सगळे वाचतात आणि दुसरा कुणी बघेल म्हणून सोडून देतात. त्या माणसाला लेखी द्या: ट्रेलहेडचं (पायवाट जिथून सुरू होते त्या जागेचं) नेमकं नाव, कोणता ट्रेल (पायवाट), कुठून परत फिरणार, गाडीचा मेक, रंग आणि नंबर प्लेट, अंगातल्या जॅकेटचा रंग, सोबत कोण. शिवाय दोन वेळा द्या. एक परतण्याची आणि दुसरी त्यानंतर दोन-तीन तासांची: ‘तोवर माझा फोन आला नाही तर कळव.’ ही दुसरी वेळ नसली की माणूस ‘रेंज नसेल’ म्हणत रात्र काढतो. आयत्या वेळी बेत बदलला तर रेंज असेतोवर तेही कळवा. कळवता येत नसेल तर चुकीच्या डोंगरावर शोध घेतला जाण्यापेक्षा जुना बेतच बरा.

आता बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट. नॅशनल फॉरेस्टमध्ये हरवलेल्याचा शोध सहसा त्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफचं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचं, ऑफिस घेतं आणि एक जंगल अनेक काउंट्यांत पसरलेलं असतं. तुमचा माणूस दुसऱ्या शहरातून ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवेल तर फोन त्याच्याच शहराच्या केंद्रात जाईल. म्हणून ट्रेलहेड ज्या काउंटीत आहे तिचं नाव आणि शेरीफ ऑफिसचा दहा आकडी नंबर त्याच कागदावर लिहा. तक्रारीसाठी २४ तास थांबावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे.

पिसगाहमधल्या त्या जोडप्यातल्या बाईंनी ९११ लावला होता. रेंजअभावी तो लागलाच नाही. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी आणीबाणीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, म्हणून एकदा लावून बघाच. नाही लागला तर ९११ ला मेसेज करा: आधी जागा, मग काय घडलं. कमकुवत रेंजमध्ये कॉलपेक्षा मेसेज निघण्याची शक्यता जास्त. मात्र ही सोय सगळ्या काउंट्यांत नाही. मुळात टॉवरच नसेल तर दोन्ही व्यर्थ. आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलांत सॅटेलाइटवरून मदत मागता येते. गार्मिन इनरीचसारखं यंत्र त्याच कामाचं, पण त्याचं सबस्क्रिप्शन चालू आहे ना ते निघण्यापूर्वी तपासा. दोन्हींना मोकळं आकाश लागतं. दाट झाडीखाली मेसेज रखडतो. यंत्र बॅगेच्या तळाशी ठेवू नका. बॅग हिसकावली गेली तर तेही गेलं. खिशात किंवा खांद्याच्या पट्ट्यावर हवं.

वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघण्यात अर्थ नाही, आणि गाडीत राहणारा माणूस म्हणजे गुन्हेगार नव्हे. लक्ष ठेवायचं ते वागण्यावर. तुमच्या चालीशी चाल मिळवणारा, एकट्याच आहात का, मुक्काम कुठे, गाडी कुठे लावली असं विचारणारा माणूस टाळावा. कुत्रा सोबत असला की गप्पा आपोआप जुळतात, हेही ध्यानात असू द्या. ‘मागून मित्र येताहेत’ म्हणा, थांबा, त्याला पुढे जाऊ द्या. पण तेवढ्याने भागत नाही. ब्लड माउंटनवर हिल्टनला त्या तरुणीचा वेग झेपेना, तेव्हा तो मागे राहिला आणि ती उतरताना त्याने तिला गाठलं. ज्या वाटेने चढलो तिनेच उतरायचं असेल तर मागे पडलेला माणूस पुन्हा समोर येणार. माथ्यावर दुसरा गट येईपर्यंत थांबा आणि त्यांच्याबरोबर उतरा. संकोच वाटतो, पण कुणी सहसा नाही म्हणत नाही.

पेपर स्प्रे घेणार असाल तर त्या राज्याचे नियम आधी बघा. तो कमरेला असावा, आणि सेफ्टी क्लिप न बघता काढता येईल इतका सराव हवा. वाऱ्याच्या विरुद्ध मारला तर तुमच्याच डोळ्यांत येतो. अस्वलांना पळवण्याच्या स्प्रेचा मोठा डबा विमानात हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही. तिथे पोचूनच घ्यावा लागतो.

कुणी धरलंच तर वाटेवरून हलवू देऊ नका. आरडाओरडा करा, सुटायला झटा. पैसे मागितले तर पाकीट लांब फेका आणि उलट्या दिशेने पळा. त्या तरुणीने हिल्टनच्या हातून सुरा आणि दंडुका दोन्ही काढून घेतले होते, आणि पुढे कार्डाचे चुकीचे पिन सांगत राहिली. इतकं करूनही ती सुटली नाही. त्यामुळे अमुक केलं की वाचालच, असं सांगणाऱ्या स्वसंरक्षणाच्या क्लासवर विश्वास ठेवू नका.

राहिलं ते इतरांसाठी. त्या दिवशी ब्लड माउंटनच्या वाटेवर पडलेला दंडुका आणि पाण्याची बाटली लोकांच्या नजरेस पडली, आणि तिथे दिसलेल्या माणसाचं त्यांनी जे वर्णन केलं त्यावरून हिल्टनच्या जुन्या मालकाने त्याला ओळखलं. अशा वस्तू दिसल्या तर उचलू नका. लांबून आणि जवळून फोटो काढा, फोनमध्ये जागेची पिन टाका, वेळ लिहा. माणसाचं वर्णन करताना कपड्यांआधी वय, उंची, दात, चाल, कुत्र्याचा रंग आणि गाडीची प्लेट टिपा. कपडे बदलता येतात. मग रेंज येताच शेरीफला कळवा, घरी पोचून नव्हे.