ऑफिससाठी छोटा चाकू घेताय? या चुका टाळा

ऑफिसात चाकू लागतो तो कशाला? कुरिअरच्या खोक्यावरची टेप, जुन्या फायलींच्या गठ्ठ्याची सुतळी, नव्या मॉनिटरभोवतीचं प्लॅस्टिक, शर्टाचा सुटलेला धागा, औषधाची न फाटणारी स्ट्रिप. यातल्या एकाही कामाला चार सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं लागत नाही. तरी खरेदीला बसलं की बहुतेक जण हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघाल्यासारखे चाकू निवडतात आणि मग तो ड्रॉवरमध्येच पडून राहतो, कारण चारचौघांत काढायला संकोच वाटतो.

हा संकोच रास्त आहे. ऑफिसचा चाकू निवडताना पोलाद, मूठ, किंमत हे सगळं नंतर बघा. शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईंना तो उघडताना पाहून दचकायला होईल का, हे आधी बघा.

खटक्याचा आणि काळा चाकू

सर्वांत मोठी चूक हीच. बटण दाबलं की खट्कन उघडणारा, काळ्या पात्याचा, अर्ध्या भागाला करवतीचे दात असलेला चाकू फोटोत छान दिसतो. पण आपल्याकडे त्या खटक्याच्या आवाजाला रामपुरीची आठवण चिकटलेली आहे, आणि सिनेमांनी ती पक्की केली आहे. मीटिंग रूममध्ये तो आवाज झाला की बोलणं थांबतं. तुम्ही फक्त पाकीट फोडत होता, हे नंतर सांगून उपयोग नसतो.

त्याऐवजी दोन्ही हातांनी, नखाने खाचेत धरून सावकाश उघडावा लागणारा घडीचा चाकू घ्या. रंग लाल, निळा, पिवळा, काहीही चालेल. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला चाकू तर कुणाच्या नजरेतही भरत नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ‘क्लासिक एसडी’ इतकी वर्षं टिकला आहे तो यामुळेच. मिटल्यावर 58 मिलिमीटर, वजन वीस-एकवीस ग्रॅम. त्यात एक इवलंसं पातं, कात्री, टोकाला स्क्रूड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा आणि दात कोरायची काडी एवढं बसवलेलं आहे. माझं स्पष्ट मत असं की, ऑफिसात यातली कात्रीच पात्यापेक्षा जास्त वापरली जाते. म्हणून कात्री नसलेला छोटा चाकू घेऊच नका.

पातंच नको असेल तर त्याच मापात ‘जेटसेटर’ मिळतो; त्यात कात्री आहे, पातं नाही. ज्यांच्या कंपनीत चाकूला सरळ मनाई आहे, त्यांनी आधी अ‍ॅडमिनला विचारून हा पर्याय घ्यावा.

“नऊ इंचांपर्यंत चालतो” हा गैरसमज

शस्त्र नियमांमध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. एवढं वाचून कुणी आठ इंची चाकू बॅगेत टाकून लोकलने फिरू लागला तर ते चुकीचं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढतात, त्यात चाकूपासून लाठीपर्यंत सगळं येऊ शकतं. सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश निघतात, बातम्यांत छापूनही येतात. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवा. आयटी पार्कच्या गेटवर किंवा मॉलमध्ये सिक्युरिटीने काढून ठेवायला सांगितलं तर वाद घालू नका. त्या माणसाला तेच काम दिलेलं आहे.

विमानप्रवासाचं तर लोक हमखास विसरतात. बंगळूरची सकाळची फ्लाइट, किल्ल्यांना अडकवलेला चाकू आणि तपासणीच्या रांगेत तो टोपलीत टाकून द्यायची वेळ. चाकू चेक-इनच्या बॅगेत जातो, हातातल्या बॅगेत नाही. आदल्या रात्रीच जुडग्यातून काढून ठेवा.

टोक खुपसणं

या छोट्या चाकूंना बहुधा लॉक नसतं. पाठीची स्प्रिंगच पातं उघडं धरून ठेवते. त्यामुळे टोक खोक्यात खुपसून जोर दिला की पातं उलटं मिटतं आणि तर्जनीवर येतं. टेप कापायची रीत अशी: खोकं टेबलावर ठेवा, दोन झाकणांच्या फटीवर पातं जवळजवळ आडवं धरा, फक्त पुढची अर्धा सेंटिमीटर धार टेपला लागू द्या आणि हलकेच स्वतःकडे न ओढता बाजूला सरकवा. आतल्या वस्तूवर ओरखडा येत नाही आणि हातही शाबूत राहतो.

झिप टाय, म्हणजे वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, पात्याने कापू नका. ती तुटताना हिसका बसतो. बारीक असेल तर कात्री, जाड असेल तर मेंटेनन्सवाल्यांकडून कटिंग प्लायर मागा. आणि पात्याने स्क्रू फिरवणं म्हणजे टोक मोडून घेणं. त्यासाठी कानशीचं टोक दिलेलं आहे.

चाकू चिकट झाला, जाम झाला, बोथट झाला

टेप कापून कापून पात्यावर डिंकाचा थर बसतो, मग धार असूनही कापत नाही. लोकांना वाटतं चाकू बोथट झाला. टिश्यूवर सॅनिटायझर घेऊन पात्याच्या पाठीकडून धारेकडे पुसा, डिंक निघतो. खोबरेल तेलानेही निघतो, पण सांध्यात खोबरेल सोडू नका. थंडीत ते थिजतं आणि पुढे चिकट होतं. सांध्यासाठी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

खिशातला कापसाचा भुगा स्प्रिंगमध्ये अडकून चाकू उघडेनासा झाला तर पक्कडीने ओढू नका. कोमट पाण्यात बुडवून आठ-दहा वेळा उघडझाप करा, नीट वाळवा, मग तेल घाला.

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात स्टेनलेसलाही ठिपके पडतात, कार्बन स्टीलचं तर विचारूच नका. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा लाकडी मुठीचा चाकू मला मनापासून आवडतो. लाकूड हातात ऊबदार वाटतं आणि तो दिसतोही फळं कापायच्या चाकूसारखा, त्यामुळे कुणी बिचकत नाही. पण दमट हवेत त्याची मूठ फुगते आणि पातं निघता निघत नाही. घ्यायचाच असेल तर ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) लिहिलेला घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये खिशात ठेवण्याऐवजी कोरड्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

धार लावायला सायकलवरच्या धारवाल्याकडे देऊ नका. त्याचं चाक विळीसाठी, कोयत्यासाठी उत्तम. एवढ्याशा पात्याचं पोलाद ते दोन फेऱ्यांत खाऊन टाकतं. घरातला चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाची जी चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर पातं 15 ते 20 अंशांत धरून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पाच-सात वेळा ओढा. झेरॉक्सचा कागद उभा धरून कापून बघा. फाटत, अडकत गेला तर आणखी दोनदा.

सफरचंद आणि पार्सल एकाच पात्याने

खोक्यांवर गोदामाची धूळ असते, टेपचा डिंक असतो. त्याच पात्याने पेरूच्या फोडी करून टीमला वाटू नका. शिवाय साडेतीन सेंटिमीटरच्या पात्याने सफरचंद धड कापलंही जात नाही. फळांसाठी पॅन्ट्रीत एक साधा, झाकणाचा चाकू ठेवायला सांगा, शंभर रुपयांच्या आत येतो.

कुणी “जरा चाकू देता का?” म्हणून विचारलं तर मिटवून द्या. समोरच्याला कात्री पुरणार असेल तर कात्रीच उघडून दाखवा. पुष्कळांना त्यात कात्री आहे हेच माहीत नसतं.