‘नॅनो मशीन’चे गुण-दोष ठरवताना या चुका टाळा

भाच्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर जुन्या काळच्या झग्यातला एक पोरगा मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या डोक्यातलं यंत्र त्याला शरीराचा अहवाल वाचून दाखवतंय. ‘‘मामा, हे सायन्स फिक्शन आहे की जादूटोणा?’’

कॉमिक होतं ‘नॅनो मशीन’. 2020 मध्ये सुरू झालेलं कोरियन वेबटून, म्हणजे फोनवर सरकवत वाचायचं कॉमिक, त्याआधीच्या एका वेब कादंबरीवरून काढलेलं. चॉन यो-ऊन हा एका मार्शल आर्ट पंथाच्या प्रमुखाचा अनौरस मुलगा. पंथातली सहा घराणी त्याच्या जिवावर उठलेली. अशात भविष्यातून त्याचाच एक वंशज येतो आणि त्याच्या शरीरात नॅनो यंत्र सोडून जातो. पुढे नाभीखाली ऊर्जा साठवण्याची साधना आणि यंत्र हातात हात घालून चालतात. हे कॉमिक चांगलं की वाईट, यावर आमच्या घरात दोन रविवार गेले. त्या वादात आम्ही दोघांनीही ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नका.

पहिली चूक माझी. मी लगेच कुंडलिनीवर गेलो. नाभीखाली ऊर्जा म्हटल्यावर मराठी माणसाला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवणारच. पण तो साचा इथे लावला की कथा कळेनाशी होते. कुंडलिनी निजलेली असते, ती जागी होऊन वर चढते. चिनी परंपरेतलं दानत्येन म्हणजे साठवणीची जागा. नाभीखाली घरातल्या टाकीसारखी. श्वासाने, सरावाने, औषधी गोळ्यांनी ती भरायची आणि लढताना रिकामी करायची. साठा आला की मोजमाप आलं. कोरियन मार्शल आर्ट कथांमध्ये आतली शक्ती चक्क वर्षांत मोजतात. ‘एक गापजा’ म्हणजे साठ वर्षांच्या साधनेइतकी शक्ती. हे साठ कुठून आले? चिनी कालगणनेत वर्षांना नावं देण्यासाठी दोन खूणमाळा आहेत, दहा ‘दैवी खोडं’ आणि बारा ‘पार्थिव फांद्या’. त्यांच्या जोड्या लावत गेलं की साठ वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्या जोडीवर येतं. आपल्या पंचांगातही प्रभव ते क्षय अशी संवत्सरं साठच, त्यामुळे हा आकडा आपल्याला परका वाटत नाही. एखाद्या विशीतल्या पोराकडे एक गापजा शक्ती आहे असं कोणी म्हटलं की बाकीच्यांचे डोळे का विस्फारतात, ते मग लक्षात येतं.

आणि जे मोजता येतं, त्याला यंत्र जोडता येतं. या कॉमिकची सगळ्यात भक्कम बाजू मला हीच वाटते.

दुसरी चूक भाच्याची, आणि ती बहुतेक सगळेच करतात. साधना म्हणजे अध्यात्म, नॅनो म्हणजे विज्ञान, दोन्हीची मिसळ म्हणजे भेसळ! पण दानत्येन या शब्दातल्या ‘दान’चा मूळ अर्थच हिंगूळ. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. चीनमधल्या ताओ पंथाचे किमयागार अमर होण्याची गोळी भट्टीत शोधत होते, पुढे तीच भट्टी त्यांनी कल्पनेने शरीरात नेली. चिनी कथांमधले साधनेचे ‘सुवर्णगर्भ’ वगैरे टप्पे त्या वाटेने आले. नवव्या शतकातल्या एका ताओ ग्रंथात इशारा दिला आहे: गंधक, मनशीळ आणि सोरा मधात मिसळून तापवू नका, काहींचे हात-तोंड भाजलं आणि घरही जळालं. बंदुकीच्या दारूचा तो अगदी जुना लेखी माग आहे. ज्या विद्येच्या घरात असे अपघात झाले, तिथे प्रयोगशाळेतलं यंत्र शिरलं तर ते उपरं वाटायचं कारण नाही.

आता खरा मुद्दा. ‘नायक फारच ताकदवान होतो, म्हणून कॉमिक फालतू’ हा शेरा टाळा. ताकद वाढणं हा या प्रकाराचा धर्मच आहे. मारामारीच्या कथेत मारामारी फार, अशी तक्रार कोण करतं? ती ताकद कशाच्या मोबदल्यात मिळते, हे बघायला हवं.

सुरुवातीच्या भागांत हा हिशेब छान जमलाय. यंत्र गुप्त पोथी नजरेने टिपून घेतं, ते ज्ञान थेट मेंदूत उतरवतं, स्नायूसुद्धा त्या विद्येला साजेसे घडवतं. ऐकायला फुकटची मजा. पण या जगात विद्या ही घराण्याची मालमत्ता आहे. ज्याला ती कोणी शिकवलीच नाही, त्याने चारचौघांत एक डाव टाकला की प्रश्न येणारच: तू हे कुठून शिकलास? म्हणजे यंत्र जेवढं देतं तेवढंच लपवायलाही लावतं. इथे विज्ञान आणि साधना खरोखर एकमेकांत गुंततात.

पुढे हा ताण सैल पडतो. जखम झाली, यंत्र. विष आलं, यंत्र. माझ्या मते दोष इथे आहे. यंत्र कुठे हट्ट करत नाही, चुकत नाही, त्याची उधारी नायकाला फारशी फेडावी लागत नाही. मग त्याच्या जागी एखादा प्रेमळ सिद्धपुरुष बसवला तरी कथा तशीच चालेल. हीच कसोटी लावा: यंत्र काढून तिथे साधूबाबा ठेवा. प्रसंग कोलमडला तर ते सायन्स फिक्शन, नाही कोलमडला तर यंत्र फक्त शोभेचं. बायकांची पात्रं पातळ आहेत आणि गर्विष्ठ शत्रूचे डोळे दर वेळी त्याच पद्धतीने पांढरे होतात, हे वेगळं सांगायला नको.

पण या शेवटच्या तक्रारीतला थोडा दोष वाचणाऱ्याचाही असतो. मी एका रात्रीत चाळीस भाग संपवले आणि सकाळी ‘तेच तेच आहे’ म्हणालो. ही मालिका आठवड्याला एक भाग अशा चालीसाठी लिहिलेली आहे. सात दिवसांनी येणाऱ्या वाचकाला मागची आठवण करून द्यावी लागते. सलग वाचणाऱ्याला तीच आठवण रटाळ पुनरुक्ती वाटते. चार-पाच भाग वाचून थांबा. आणि लॅपटॉपवर नको, फोनवरच वाचा. चित्रांमधली लांब मोकळी जागा अंगठ्याने सरकवण्यासाठी ठेवलेली असते. उडी मारणारा माणूस त्या जागेतून खरंच खाली पडतो.

नावांचा घोळ झाला तर घाबरू नका. एकाच शब्दाचे चिनी आणि कोरियन असे दोन उच्चार फिरत असतात. वुलिन आणि मुरिम (मार्शल आर्टवाल्यांचं जग) एकच, दानत्येन आणि दानज्यॉन एकच. आडनाव आधी येतं, म्हणून ‘चॉन’ हे घराणं. चिनी कॉमिकांतले ‘पायाबांधणी’, ‘सुवर्णगर्भ’ हे टप्पे मात्र इथे शोधू नका. कोरियन मुरिम कथांची शिडी वेगळी, तिच्यात साधारणपणे पहिला दर्जा, शिखर, महाशिखर अशा पायऱ्या असतात. अनधिकृत भाषांतरात एकाच पायरीला तीन नावं पडतात. तो लेखकाचा गोंधळ समजून गुण कापू नका.

भाच्याने आता गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखलेत, ‘यंत्र हवंच’ आणि ‘साधूबाबा चालेल’. पहिल्या रकान्यात त्याच्या मते अकरा प्रसंग आहेत. मी त्यातले सहा खोडले. वही सध्या त्याच्या आईने जप्त केली आहे.