पूल टेबलासाठी घरातली खोली कशी तयार करावी

घरात पूल टेबल घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा ‘किती फुटी घ्यावे’ हा असतो. खोलीत टेबल बसते एवढी खात्री झाली की मागणी नोंदवली जाते, आणि टेबल लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी क्यूचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचे, बूड भिंतीवर आपटते. ही चूक नंतर निस्तरणे फार अवघड जाते, कारण भिंत सरकत नाही आणि एकदा पातळीत बसवलेले जड टेबलही सरकवू नये. म्हणून खोलीची तयारी क्यूपासून सुरू करावी. टेबलाचा आकार, दिव्याची जागा आणि बसण्याची सोय या गोष्टी त्यानंतर ठरवाव्यात.

प्रचलित क्यूची लांबी ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर असते. क्यूने मारायचा पांढरा चेंडू कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, चिकटून थांबला की क्यूचे टोक चेंडूपाशी राहते आणि बाकीची सगळी क्यू कुशनच्या बाहेर येते. शिवाय फटका मारण्यासाठी हात मागे घ्यावा लागतो, त्याला निदान ६ इंच लागतात. तेव्हा कुशनच्या आतल्या कडेपासून भिंतीपर्यंत चारही बाजूंना ६४ इंच मोकळे हवेत. मोजताना इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘आठ फुटी’ हे टेबलाचे नुसते नाव आहे. प्रत्यक्ष खेळाचा भाग, म्हणजे एका कुशनच्या आतल्या कडेपासून समोरच्या कुशनच्या आतल्या कडेपर्यंतचा पृष्ठभाग, ८८ × ४४ इंच असतो. नऊ फुटी टेबलाचा तो १०० × ५० इंच भरतो, आणि सात फुटीची मापे थोडी इकडेतिकडे होत असली तरी ७८ × ३९ इंच धरायला हरकत नाही. हिशेब याच मापावर करावा. आठ फुटी टेबलासाठी ८८ मध्ये दोन्हीकडचे ६४-६४ मिळवले की २१६ इंच, म्हणजे १८ फूट लांबी होते; ४४ मध्ये तेवढेच मिळवले की १७२ इंच, म्हणजे १४ फूट ४ इंच रुंदी होते. याच रीतीने सात फुटीला १७ फूट २ इंच × १३ फूट ११ इंच आणि नऊ फुटीला १९ फूट × १४ फूट १० इंच खोली लागते. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येते की सात फुटीऐवजी आठ फुटी टेबल घेतल्याने खोली लांबीला १० इंच आणि रुंदीला अवघे ५ इंच जास्त लागते. जागा खरी खाते ती क्यू.

खोली थोडी कमी पडत असेल तर ५२ किंवा ४८ इंचांची आखूड क्यू वापरता येते. ५२ इंची क्यू धरली तर आठ फुटी टेबल १७ फूट × १३ फूट ४ इंचांच्या खोलीत खेळता येते. माझे मत असे की, एखाद्या कोपऱ्यात किंवा एका बाजूला आखूड क्यू घ्यावी लागली तर चालून जाते, पण चारही बाजूंना तीच वापरावी लागणार असेल तर हट्ट सोडून लहान टेबल घ्यावे. क्यूची लांबी बदलली की तिचा तोल बदलतो, आणि दर दोन फटक्यांनी हाताची सवय मोडत राहिली तर खेळात रंग भरत नाही.

आकडे कागदावर जुळले तरी एक प्रयोग करावाच. जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून ८८ × ४४ इंचांचा आयत तयार करावा, तो खोलीत टेबलाच्या नियोजित जागी अंथरावा आणि त्याच्या कडेला कमरेच्या थोड्या खाली येईल अशा उंचीचे स्टूल ठेवावे. टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ३० इंचांवर असतो, त्या उंचीचे काहीही चालेल. मग स्टुलावर चेंडू किंवा लिंबू ठेवून, खरी क्यू हातात घेऊन, वाकून, कोपर मागे नेऊन पाहावे. क्यू मिळाली नाही तर ५८ इंचांची काठी घ्यावी. लांब बाजू, आखूड बाजू, चारही कोपरे आणि खास करून तिरके फटके असे सगळे करून पाहावे. खिडकीची आत आलेली चौकट, पडद्याची दांडी, दाराची मूठ, भिंतीतले कपाट या गोष्टी टेपला कधी दिसत नाहीत. कोपराला त्या लगेच लागतात.

माझ्या खोलीत एका लांब बाजूला खांब आहे आणि तो कुशनपासून ५५ इंचांवर येत होता. टेबल खोलीच्या बरोबर मध्यभागी ठेवले असते तर खांब लांब कुशनच्या अशा भागासमोर आला असता, जिथे चेंडू नेहमी चिकटून थांबतात. वर्तमानपत्रांचा आयत तीन-चारदा सरकवल्यावर असे दिसले की, टेबल नऊ इंच पुढे घेतले की खांब मधल्या पॉकेटच्या, म्हणजे चेंडू पडायच्या खाचेच्या, समोर येतो. पॉकेटच्या तोंडाशी कुशनच नसते, त्यामुळे तिथे चिकटलेला चेंडू मारण्याचा प्रसंगही येत नाही. आजही त्या बाजूला कधीमधी आखूड क्यू लागते, पण ती अडचण खटकत नाही. टेबल खोलीच्या मध्यावर असलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

जागा ठरली की टेबल खोलीपर्यंत कसे येणार हे पाहावे. घरगुती टेबलाची स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी लादी, बहुधा तीन तुकड्यांत येते. एक इंच जाडीचा आठ फुटी टेबलाचा एकेक तुकडा ७०-८० किलोंच्या आसपास भरतो आणि तो दोघा-तिघांना उभा धरून न्यावा लागतो. जिन्याचे वळण, दाराची रुंदी आणि लिफ्टची आतली मापे आधी मोजून विक्रेत्याला लेखी कळवावीत. काही टेबलांची स्लेट अखंड असते. अशा टेबलासाठी वळणाचा जिना हा अडसर ठरू शकतो. खोलीचे दार आत उघडत असेल आणि क्यूच्या वाटेत येत असेल तर ते बाहेर उघडेल असे फिरवून घ्यावे, किंवा सरकते करावे.

आता जमिनीबद्दल. स्लेटचे आठ फुटी टेबल सुमारे ४०० किलो वजनाचे असते आणि हे सगळे वजन पायांच्या लहान लहान ठशांवर उतरते. तळमजल्यावरच्या पक्क्या जमिनीला याची चिंता नसते, आणि काँक्रीटचा सुस्थितीतला स्लॅबही सहसा हा भार पेलतो. पण इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा ओल असेल, किंवा वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर असेल तर टेबलाची मागणी नोंदवण्याआधी बांधकाम अभियंत्याला दाखवावे. लाकडी जमिनीवर टेबलाचे पाय तुळयांच्या मधल्या पोकळ भागावर न येता तुळयांवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीजवळ येतील अशी रचना करावी, कारण भार पेलला तरी माणसे चालताना जमीन दबली की चेंडूंची वाट बदलते.

जमिनीची पातळी गवंडी तपासतात तशी पाण्याच्या पारदर्शक नळीने तपासावी. नळीत बुडबुडा राहू न देता पाणी भरावे, एक टोक पहिल्या पायाच्या जागी आणि दुसरे टोक पाळीपाळीने बाकीच्या पायांच्या जागी उभे धरावे, आणि पाणी स्थिरावल्यावर जमिनीपासूनची उंची प्रत्येक ठिकाणी खडूने फरशीवर लिहून ठेवावी. फरशी वरवर सपाट दिसली तरी गच्ची, बाल्कनी किंवा मोरीच्या बाजूला ढाळ दिलेला असतो आणि आठ-नऊ फुटांत तो अर्ध्या इंचापर्यंत सहज जातो. एवढा फरक पायांखाली पाचरी घालून काढता येतो. त्याहून जास्त असेल तर जमीनच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. फरशी बदलायची असल्यास ती टेबलाआधीच बदलावी. जाड गालिचा टेबलाखाली टाकू नये, कारण पाय त्यात महिनोन्महिने रुतत राहतात आणि प्रत्येक पाय सारखा रुतत नाही. टेबलाभोवती पातळ, घट्ट विणीचे जाजम घातले तर मात्र खेळणाऱ्यांच्या पायांना बरे वाटते, आवाज शोषला जातो आणि उडून पडलेल्या चेंडूने फरशीचा टवका उडत नाही.

दिव्याचे काम सर्वांत काळजीपूर्वक करावे, कारण खोलीतल्या सगळ्या गोष्टींत हीच गोष्ट खेळाला सर्वांत जास्त मदत करते. खोलीच्या छतावर मधोमध एकच दिवा असला की प्रत्येक चेंडूची सावली एका बाजूला लांब पडते आणि चेंडूची खरी कड कुठे संपते हे डोळ्याला कळत नाही. दिवा लांबट हवा, टेबलाच्या लांबीच्या निम्म्याहून थोडा जास्त, किंवा एका दांडीवर तीन दिवे हवेत, म्हणजे प्रकाश दोन्ही टोकांकडून येऊन सावल्या चेंडूखालीच आखडतात. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या टेबलविषयक नियमांत पृष्ठभागावर आणि कुशनवर किमान ५२० लक्स प्रकाश सांगितला आहे; बाजूला सरकवता येणारा दिवा पृष्ठभागापासून निदान ४० इंच आणि पक्का बसवलेला दिवा निदान ६५ इंच वर असावा, असेही त्यात आहे. ही उंची स्पर्धेसाठी आहे. घरी मी ३६ ते ४० इंच योग्य मानतो, म्हणजे दिव्याची शेड डोळ्यांवर येणारा झगमगाट अडवते आणि डोकेही लागत नाही.

प्रकाशाचा रंग निवडताना आकर्षक पिवळट दिव्याच्या मोहात पडू नये. पूलमध्ये तीन क्रमांकाचा चेंडू लाल, पाचचा नारिंगी आणि सातचा गडद किरमिजी असतो. पिवळ्या प्रकाशात हे तिन्ही एकमेकांच्या जवळ जातात, आणि चारचा जांभळा चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आठच्या काळ्यासारखा दिसू लागतो. ४००० ते ५००० केल्विनचा पांढरा प्रकाश आणि ९० किंवा त्याहून जास्त रंगनिर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे माप, CRI) असलेले दिवे घेतले की ही अडचण उरत नाही. दिवा टांगण्याचा हुक नुसत्या फॉल्स सीलिंगमध्ये न लावता वरच्या स्लॅबमध्ये ठोकून घ्यावा. टेबलाचा मध्य काढण्यासाठी वर्तमानपत्रांच्या आयताच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात आणि त्या छेदतात तिथून छतापर्यंत ओळंब्याने खूण करावी. वायरिंगसाठी भिंत फोडणे, घासकाम आणि रंगकाम हे सगळे टेबल येण्याआधी संपवावे, कारण घासकामाची बारीक पूड कापडाच्या विणीत बसली की ती निघत नाही आणि कापड आतून झिजते.

छताचा पंखा टेबलावर असेल तर तो हलवावा. पंख्याची पाती दिव्याच्या खाली आली की टेबलभर सावल्या थरथरतात, आणि क्यू उभी करून मारायच्या फटक्यात तिचे बूड पात्यांपर्यंत जाऊ शकते. वातानुकूलन यंत्र टेबलाच्या वर नसावे; त्यातून एकदा पाणी ठिबकले तरी कापडावर डाग राहतो. खोलीतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के राखता आली तर उत्तम. दगडाला दमट हवेने फारसे काही होत नाही, पण खालचा लाकडी सांगाडा फुगतो-आकसतो आणि कापडाचा ताण बदलून चेंडू संथ होतो. ओल येणारी भिंत आधी दुरुस्त करावी, आणि क्यूचा स्टँड त्या भिंतीला कधीही लावू नये. भिंतीला तिरप्या टेकून ठेवलेल्या क्यू वाकू शकतात. ऊन थेट टेबलावर येत असेल तर जाड पडदे लावावेत, कारण उन्हाने कापड विटते आणि कुशनचे रबर कडक होते.

बसण्यासाठी उंच स्टुले घ्यावीत आणि ती क्यूच्या वाटेबाहेर, कोपऱ्यात ठेवावीत. काचेच्या तसबिरी, आरसे आणि विजेची बटणे क्यूच्या टप्प्यात नसावीत. पेये ठेवायला भिंतीत अरुंद फळी काढली की कोणी पेला टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवत नाही.

टेबल बसवायला कारागीर आले की घाई करू देऊ नये. आधी सांगाडा गुण्यात (काटकोनात) आणि पातळीत घ्यायचा, मग स्लेटचे तुकडे ठेवून सांध्यांशी पातळ पाचरी सरकवायच्या, आणि बोट फिरवल्यावर सांधा मुळीच लागत नाही अशी खात्री झाल्यावरच तो भरायचा. सांधे भरायला मेण वापरतात, पण खोली उन्हाळ्यात फार तापत असेल तर मेण मऊ पडते. तेव्हा कडक होणारे भरण वापरावे असे आधीच सांगावे. नियमांनुसार पृष्ठभागाच्या सपाटीत लांबीला अर्धा मिलिमीटर आणि रुंदीला पाव मिलिमीटर एवढाच फरक चालतो, त्यामुळे सुताराच्या साध्या पाणसळीवर विसंबून चालत नाही. यंत्रकामाची सूक्ष्म पाणसळ आणायला सांगावी आणि ती मध्यावर, चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक सांध्यावर आडवी-उभी ठेवून बुडबुडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

कापड ताणून झाल्यावर चेंडू अगदी हळू, पलीकडच्या कुशनपर्यंत जेमतेम पोहोचेल एवढ्याच वेगाने सोडावा. शेवटच्या फूटभरात तो कोणत्या बाजूला वळतो का हे पाहावे, कारण वेगातला चेंडू उतार लपवतो. लांबीने दोन्ही दिशांना, कुशनच्या कडेकडेने आणि कर्णरेषेवर असे दहा-बारा वेळा करावे, आणि चेंडू जिथे वळला त्या जागा कागदावर टेबलाचे चित्र काढून नोंदवाव्यात. नव्या लाकडाचे सांधे वजनाखाली बसतात, जमीनही किंचित दबते. म्हणून तीन-चार महिन्यांनी कारागिराला पुन्हा यायचे आहे हे पैसे ठरवतानाच बोलून घ्यावे आणि तो येईल त्या दिवशी हा कागद त्याच्या हातात द्यावा.