कुरणातलं पाणी कुरणातच मुरावं, यासाठी चराई कशी आखावी

एका हेक्टरवर २५ मिलीमीटर पाऊस पडला की अडीच लाख लिटर पाणी जमिनीवर येतं. ते मुरणार की वाहून जाणार, हे वरच्या काही सेंटिमीटर मातीत ठरतं. गवत असेल तर थेंबांचा मारा पानांवर आणि पाचोळ्यावर बसतो आणि मुळांच्या, गांडुळांच्या वाटांनी पाणी खाली उतरतं. माती उघडी असेल तर कण सुटून छिद्रं बुजतात, वर पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी गाळ घेऊन ओढ्याकडे धावतं.

पुष्कळदा कामाची सुरुवात उलट्या टोकाकडून होते. आधी बांध आणि चर खोदले जातात, जनावरांचा हिशोब मागे राहतो. माथा उघडा असताना घातलेले बांध गाळानेच भरतात. म्हणून आधी जमिनीची तपासणी, मग चाऱ्याचा हिशोब, विश्रांती, पाणवठा आणि शेवटी घळीतले दगडी बांध, असा क्रम ठेवा.

जमिनीची तपासणी

कुरणातून सरळ रेषेत १०० पावलं चाला. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते लिहा: जिवंत गवत, पाचोळा, दगड की उघडी माती. उघडी माती ३० पेक्षा जास्त वेळा आली तर धूप आणि वाहून जाणारं पाणी, दोन्ही झपाट्याने वाढतात. कोरड्या प्रदेशात गवत मुळातच विरळ असतं, तिथे चराईपासून राखलेल्या एखाद्या तुकड्याशी तुलना करा.

दुसरी चाचणी पाणी मुरण्याची. १५ सेंटिमीटर व्यासाचा, १२ सेंटिमीटर उंचीचा लोखंडी पाइपाचा तुकडा घ्या. आतलं गवत कापून तो ७ ते ८ सेंटिमीटर जमिनीत सरळ ठोका. ठोकताना हलला तर कडेने पाणी निसटतं आणि मोजमाप फसतं. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून ४४० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे २५ मिलीमीटर पाऊस झाला. कागद हळूच ओढून काढा. पहिलं पाणी कोरडी माती भिजवण्यात जातं, म्हणून ते मुरल्यावर तेवढंच पुन्हा ओतून या दुसऱ्या खेपेची वेळ लिहा. राखलेला तुकडा, कुरणाचा मध्य आणि जनावरांची पायवाट अशा तीन जागी हे करा. वाळूत पाणी भराभर जातं, चिकणमातीत रेंगाळतं, त्यामुळे दुसऱ्या गावच्या आकड्याशी तुलना करून काही कळत नाही. आपल्याच तीन जागांतला फरक खरा बोलतो. पायवाटेवर फार वेळ लागला तर तिथे फावड्याने खणून पाहा. ५ ते १० सेंटिमीटरवर माती थरांनी निघत असेल आणि मुळं आडवी वळली असतील, तर खुरांनी ती दाबली गेली आहे.

चारा मोजा, मग जनावरं ठरवा

सगळ्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच टाळला जातो. जनावरं गरजेपेक्षा जास्त असतील तर ती कितीही हुशारीने फिरवा, गवत सावरत नाही.

गवताची वाढ संपत आली की अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट कुरणात निदान १० ठिकाणी, न बघता टाका. चांगलं गवत पाहून चौकट टाकली की हिशोब फुगतो. आतलं खाण्याजोगं गवत जमिनीलगत कापा, वजन बदलेनासं होईपर्यंत सुकवा आणि ग्रॅममध्ये तोला. सरासरीला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. सरासरी ५० ग्रॅम भरली तर हेक्टरी २,००० किलो सुका चारा झाला.

यातला निम्मा जमिनीवर राहू द्या. निम्म्यापेक्षा कमी पान खाल्लं गेलं तर मुळांची वाढ जवळपास चालू राहते. ८० टक्के पान गेलं तर ती काही दिवस पूर्ण थांबते, आणि आखूड मुळांच्या गवताखाली पाणी मुरायच्या वाटाही कमी होतात. खाण्यासाठी उरलेल्या निम्म्यातलंही काही तुडवलं जातं, काही शेणामुताखाली जातं, काही किडे खातात. म्हणून पोटात जाणारा चारा एकूण चाऱ्याच्या ३० टक्के धरा, म्हणजे हेक्टरी ६०० किलो.

४०० किलो वजनाच्या गाईला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज १० किलो सुका चारा लागतो. एक हेक्टर एका गाईला ६० दिवस पुरेल. १२ हेक्टरवर ६ गाई १२० दिवस राहतील, १२ गाई आणल्या तर ६० दिवसांनी दुसरीकडून चारा आणावा लागेल. शेळ्यामेंढ्यांचा हिशोबही असाच, फक्त प्रमाण ३ ते ४ टक्के धरा. पाऊस दगा देईल असं दिसलं तर कळप लवकर कमी करा. उशीर केला की आधी गवताची मुळं जातात आणि मग माती.

कप्पे आणि विश्रांती

मोकाट चरणारी गाय कोवळ्या फुटव्याकडे पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे चवदार गवत आधी मरतं. कुरणाचे कप्पे पाडा आणि वाढीच्या दिवसांत एका कप्प्यात ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. विश्रांतीचे दिवस भागिले चराईचे दिवस, अधिक एक, इतके कप्पे लागतात. ३६ दिवस विश्रांती आणि ४ दिवस चराई असेल तर १० कप्पे. वाढ जोमात असताना ३० ते ४५ दिवस बहुधा पुरतात. वाढ मंदावली की हा काळ दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. परत यायचं ते गवत पुरतं वाढलेलं पाहून. दिनदर्शिका पाहून आलात तर चुकाल.

ओल्या जमिनीवर चराई नको. जादा पाणी निथळून वाफसा येण्याआधी खुरं पडली तर काही तासांत माती अशी दाबली जाते की सुटायला कित्येक महिने लागतात. मूठभर माती दाबून पाहा. तिची चिकट वडी वळत असेल किंवा खुरांचे ठसे ३ सेंटिमीटरपेक्षा खोल उमटत असतील तर कळप बाहेर काढा. पावसाळी दिवसांसाठी निचऱ्याची, थोडी मुरमाड जागा आधीच राखून ठेवा.

ओढ्याचा काठ आणि पाण्याचा हौद

जनावरं ओढ्यात उतरली की काठ ढासळतो, पात्र रुंद आणि उथळ होतं, पाणी तापतं. शेणातले जंतू थेट पाण्यात मिसळतात आणि मातीच्या कणांना चिकटलेलं स्फुरद (फॉस्फरस) खाली साचून शेवाळ वाढवतं. काठापासून १० ते ३० मीटरचा पट्टा कुंपणाने राखा. तीव्र उतार किंवा उघडी माती असेल तर रुंदी वाढवा.

नुसतं कुंपण घालून भागत नाही, जनावर तहानेने ते तोडतंच. गाईला रोज ४० ते ६० लिटर पाणी लागतं, दुभत्या गाईला आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. कळप एकदमच पाण्यावर येतो, म्हणून हौदात रोजच्या गरजेचा निदान निम्मा साठा असावा. २० गाईंसाठी ५०० लिटर हा किमान आकडा. हौद काठापासून ३० मीटर तरी दूर, थोड्या उंचवट्यावर बसवा. भोवती २ ते ३ मीटर खडी पसरून चोपा. बॉल कॉक लावा, आणि जादा पाण्याची नळी गवतात लांब सोडा, नाहीतर हौदाजवळ चिखल होतो. मिठाच्या विटा हौदाजवळ ठेवू नका. जिथे चराई कमी होते त्या बाजूला ठेवल्या की कळप तिकडे पांगतो.

ओढा ओलांडायचाच असेल तर एकच जागा ठरवा आणि तळाशी दगड-खडी घाला.

घळी

घळ म्हणजे वाहत्या पाण्याने मातीत कापलेली खोल वाट. वरचं गवत सावरू लागलं की मगच इकडे या. घळीच्या डोक्यापासून सुरुवात करा, कारण ती तिथूनच मागे सरकते. उभा कडा उतरता करून दगडांनी मढवा. खाली ३० ते ५० सेंटिमीटर उंचीचे दगडी बांध घाला. त्यांची टोकं दोन्ही काठांत ३० सेंटिमीटर आत रुतवा, मध्य टोकांपेक्षा १५ सेंटिमीटर खाली ठेवा आणि पाणी पडेल तिथे दगड अंथरा. मध्य खाली नसला तर पाणी टोकाला वळसा घालून काठ कापतं. बांध पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा मध्य एका पातळीत यावा. तळाचा ढाळ ५ टक्के आणि उंची अर्धा मीटर असेल तर अंतर १० मीटर येतं.

नंतर काय पाहावं

पाणी जास्त मुरलं म्हणजे ओढा जास्त दिवस वाहेलच असं नाही. गवत आणि झाडंही पाणी पितात. दाट झाडी वाढली तर ओढ्याचा प्रवाह घटूही शकतो, म्हणून कुरणात झुडपं किती पसरू द्यायची हे वेळीच ठरवा. गढूळपणा मात्र लवकर कमी होतो. दर मोठ्या पावसानंतर त्याच जागी पारदर्शक बाटलीत पाणी भरा, दिवसभर स्थिर ठेवा आणि तळाच्या गाळाची जाडी मोजून तारीख घालून लिहा. पावलांची मोजणी आणि पाइपाची चाचणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खुणेच्या जागी करा. ओल वेगळी असेल तर आकडे जुळत नाहीत, म्हणून चाचणीआधीच्या आठवड्यात पाऊस पडला होता का, हेही शेजारी लिहून ठेवा.