डायोरामाच्या जमिनीसाठी पेपर क्ले

डायोरामा म्हणजे छोट्या प्रतिकृतींचा देखावा. त्याच्या जमिनीसाठी पेपर क्ले, म्हणजे कागदाचा लगदा मिसळलेली माती, घेताना पाकिटावर ‘एअर ड्राय’ (हवेत सुकणारी) लिहिलंय ना, ते आधी बघा. कुंभारकामाची पेपर क्ले वेगळी असते, तिला भट्टी लागते. पाकीट बाहेरून दाबून पाहा. कडा कडक लागल्या तर घेऊ नका. आणि लहानच पाकीट घ्या, कारण एकदा फोडलं की आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ती फार लवकर सुकते. उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा.

देखाव्याखालच्या प्लायच्या पाटाला दोन्ही बाजूंनी रंग किंवा वॉर्निश मारून घ्या, नाहीतर ओलाव्याने तो वाकतो. चढ-उतार थर्माकोलचे करा आणि त्यावर फेव्हिकॉल लावून क्लेचा तीन-चार मिलीमीटरचाच थर द्या. जाड थर सुकताना आकसतो, कडेने सुटतो. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवायची घाई नको. वरून ओलसर फडकं टाकून सावलीत सावकाश वाळू द्या. दगड, बैलगाडीची चाकोरी, खुरांचे ठसे, सगळं ओलं असतानाच दाबायचं.

तापीकाठचं काळं रान वैशाखातलं दाखवायचं असेल तर मात्र उलट करा. क्लेत काळा-तपकिरी ॲक्रेलिक रंग मळा, थोडं पाणी जास्त घाला, थर जाड द्या आणि उघड्यावर लवकर सुकवा. भेगा आपोआप पडतात, आणि कोरलेल्या भेगांपेक्षा त्या कितीतरी खऱ्या दिसतात. नको तिथे पडलेली भेग क्ले आणि पाण्याच्या पातळ लगद्याने बुजते.